बिस्किटं भाजायला ओटीजी घ्यावा की एअर फ्रायर?

ओटीजी म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, कॉइलच्या धगीवर भाजणारी विजेची छोटी भट्टी; एअर फ्रायर म्हणजे पंख्याने गरम वारा खेळवून भाजणारं यंत्र. दोन्ही यंत्रं आमच्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी आहेत. नानखटाई, नाचणीची आणि खोबऱ्याची बिस्किटं दोन्हींत वेळोवेळी भाजून झाली आहेत. किती लिटर, किती वॉट, कुठली बटणं हे दुकानदार सांगेलच, त्यात शिरत नाही. मी लिहितोय ते देवगड-मालवण पट्ट्यात, खाऱ्या हवेत राहणाऱ्या माणसासाठी. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत हाच हिशेब वेगळा लागेल, हे मला मान्य आहे.

नुसता एक घाणा समोरासमोर ठेवला तर ओटीजीची नानखटाई उजवी. त्यात कॉइल खाली आणि वर, दोन्हीकडे असते. बुडाला बदामी रंग येतो, वरच्या भेगा सावकाश उमलतात आणि तूप आत नीट मुरलेलं लागतं. एअर फ्रायरचा जन्मच वेगळ्या कामासाठी झाला. फिलिप्सने तो २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात आणला तो कमी तेलातल्या बटाट्याच्या फिंगर चिप्ससाठी. बटाट्याला वारा हवा असतो, कारण त्याच्या अंगावरचं पाणी झटपट उडायला हवं. बिस्किटाला तेवढा वारा नको असतो. वरून कॉइलची धग आणि त्यात पंख्याचा झोत, त्यामुळे वरची साय लवकर धरते, भेगा कमी पडतात आणि बूड फिकं राहतं.

याला उपाय आहेत, आणि ते एकदा हाताला बसले की फरक बराच कमी होतो. ओटीजीत १८० अंशांवर जे भाजता, ते एअर फ्रायरमध्ये १५५ ते १६० वर लावा आणि दहाव्या मिनिटापासून डोळा ठेवा. गूळ घातला असेल तर आणखी दहा अंश खाली या, कारण गुळाचा रंग साखरेच्या आधी चढतो. नाचणीचं बिस्कीट मुळात काळपट, त्यामुळे रंगावरून अंदाज येत नाही. कड बोटाने दाबून बघावी आणि वासावर जावं. खोबऱ्याचा कीस वरून लावू नका. बाहेर डोकावणारी प्रत्येक काडी त्या झोतात करपते. पिठातच मळला तर छान लागतो. नाचणीचं बिस्कीट शेवटची दोन मिनिटं उलटता येतं. नानखटाई गरम असताना उलटायला जाल तर हातात भुगा येईल. ती बंद केलेल्या यंत्रातच पाच मिनिटं राहू द्यावी, बूड तेवढ्यात बऱ्यापैकी सुधारतं.

आणखी एक जपायची गोष्ट म्हणजे बटर पेपर. यंत्र आधी तापवताना तो रिकामा आत ठेवू नये. पंख्याने उडून वरच्या कॉइलला लागतो आणि जळतो. कागद टोपलीच्या बुडापेक्षा थोडा लहान कापावा, त्याला भोकं पाडावीत आणि बिस्किटांसकटच आत सरकवावा.

आता विजेचं. दोन्ही यंत्रं साधारण १५०० वॉटच्या घरातली, म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढणारी. ६ अँपिअरच्या साध्या पिनेवर कुठलंच चालवू नये, १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. आमच्याकडच्या जुन्या घरांत तो बहुधा फ्रिज नाहीतर गिझरच्या वाटणीला गेलेला असतो, तेव्हा वायरमनला आधी बोलवा. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की कॉइलची ताकद त्याहून जास्त पडते: १८० व्होल्टला १५०० वॉटची कॉइल जेमतेम ९०० वॉटचं काम करते. मग ओटीजी तापतोय तापतोय, आणि पिठाचे गोळे ओट्यावर पसरतायत. एअर फ्रायरचं पोट लहान, तो अशा वेळीही लवकर तापतो. पण भाजताना मध्येच लाईट गेली तर मात्र ओटीजी चांगला. त्याच्या मोठ्या पोटातली आणि ट्रेमधली धग थोडा वेळ टिकते, दार न उघडता ठेवलं तर शेवटचा टप्पा त्यावरही पार पडतो. एअर फ्रायर लगेच निवतो.

इथपर्यंत पारडं ओटीजीकडे झुकलेलं दिसेल. माझ्या बाबतीत ते फिरवलं पावसाळ्याने.

जून ते सप्टेंबर या किनाऱ्यावर मुसळधार पाऊस पडतो, आणि हवेतला ओलावा घरातल्या प्रत्येक डब्यात शिरतो. ताज्या बिस्किटात पाणी उरतं चार-पाच टक्क्यांच्या आत. तेवढं कमी असतं म्हणूनच ते खुसखुशीत लागतं. डबा उघडला, दोन बिस्किटं काढली, बंद केला, की तेवढ्यात आत गेलेली दमट हवा बिस्किटं पिऊन टाकतात. साखर ओलावा ओढते, गूळ त्याहून जास्त. जुलैत सकाळी भाजलेली गुळाची नाचणी बिस्किटं परवाच्या चहाला सादळलेली असतात. घट्ट झाकणाच्या बरण्या झाल्या, तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवून झाली. एखादा दिवस लांबतं, एवढंच.

ओटीजीची अडचण इथे येते. आठ बिस्किटांसाठी तो कोणी लावत नाही. दहा-पंधरा मिनिटं तापवायचा, एवढा मोठा डबा, मग दोन ट्रे भरूनच लावला जातो. चौघांच्या घरात चाळीस बिस्किटं एका दिवसात संपत नाहीत. पहिल्या दिवशी सगळे वाहवा करतात, तिसऱ्या दिवशी डब्याकडे कुणी बघत नाही, आणि साजूक तूप, वेंगुर्ल्याचे काजू, घरची नाचणी घातलेलं ते बिस्कीट चहात बुडवून कसंबसं संपवावं लागतं. मला ही गोष्ट फार लागायची. एवढ्या निगुतीने केलेलं खाणं आपल्याच हवेमुळे वाया जावं, आणि यंत्राने त्यात भर घालावी!

एअर फ्रायरने हे गणित उलटं केलं. पीठ एकदाच मळायचं, लांबट वळी करून फ्रिजमध्ये ठेवायची. चहाचं आधण ठेवलं की सहा-आठ चकत्या कापून टोपलीत. इकडे चहा गाळेपर्यंत तिकडे बिस्किटं भाजलेली. ती बाहेर काढल्यावर मऊच लागतात, जाळीवर पाच-सात मिनिटं दम धरला की कुरकुरीत होतात, आणि सादळायला शिल्लकच राहत नाहीत. थंड चकती भाजताना पसरतही कमी. आमच्याकडे वैशाखात तूप बरणीत पातळ होऊन बसतं, त्यामुळे पीठ फ्रिजमध्ये ठेवणं तसंही भागच असतं. फक्त एक पथ्य: दही आणि सोडा घातलेलं पीठ साठवू नये. सोड्याची फुगवण ठेवल्या ठेवल्या निघून जाते. साठवणीच्या वळीला नुसतं तूप, पिठीसाखर आणि पीठ, हवी तर चिमूटभर बेकिंग पावडर.

शिवाय जे सादळलंच आहे तेही परत आणता येतं. १३० ते १४० अंशांवर तीन-चार मिनिटं, मग जाळीवर पूर्ण निवू द्यायचं. गरम डब्यात घातलं तर वाफेने पुन्हा मऊ पडतं. बेकरीतून आणलेले बटर, टोस्ट, खारी पावसाळ्यात याच वाटेने जिवंत होतात. ओटीजीत हे होत नाही असं नाही, पण चार टोस्टसाठी तो तापवायचा उत्साह मला कधी झाला नाही.

गणपतीत चाकरमानी आले, घरात पंधरा माणसं झाली, की एअर फ्रायर अपुरा पडतो हे खरं. त्या दिवसांत ओटीजी कामाला लागतो. त्याहूनही मोठं काम असेल, दिवाळीची किंवा मे महिन्याची नानखटाई असेल, तर रवा-मैदा-तूप घेऊन गावातल्या बेकरीत भट्टीवर भाजून आणावी. विटांच्या भट्टीची सगळ्या बाजूंनी येणारी सावकाश धग घरातल्या कुठल्याच यंत्राला साधत नाही, असं माझं तरी मत आहे.

दुरुस्तीचा विचार केला तर ओटीजी सोपा. कॉइल गेली तर तालुक्याच्या गावातला कारागीर बदलून देतो. एअर फ्रायरचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला की तो बाहेर पाठवावा लागतो. खारी हवा मात्र दोघांनाही सोडत नाही. ओटीजीच्या जाळ्या गंजतात, एअर फ्रायरच्या टोपलीचा थर ओरखड्यातून सुटू लागतो. दोन्ही धुऊन लगेच कोरडे पुसावेत.

घरात माणसं जास्त असतील, केक आणि पावही करायचा असेल, तर ओटीजी घ्या, त्यात पस्तावणार नाही. दोन-चार माणसांचं घर, रोजचा चहा आणि चार महिन्यांचा पाऊस असेल, तर मी एअर फ्रायरच सुचवीन. घेताना उभट टोपलीपेक्षा पसरट, सपाट बुडाची टोपली बघा, तिच्यात बिस्किटं एका थरात बसतात. तापमान पाच-पाच अंशांनी बदलता येतं का ते विचारा. आणि झाकणाला काच असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, कारण बिस्किटाची शेवटची दोन मिनिटं टोपली न ओढता बघता येणं फार सोयीचं आहे.