अर्ध्या इंचाचा हिशोब : कमोड आणि बेसिन काढून पुन्हा बसवण्याच्या सेवेबद्दल

पुण्यात आमची सदनिका 1994 साली बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. घरात संडास एकच, चार फूट बाय सहा फुटांचा. त्याची मूळची फरशी इतकी गुळगुळीत झाली होती की माझे वडील, वय वर्षे 79, त्यावर दोनदा घसरता घसरता वाचले. तेव्हा खडबडीत पृष्ठभागाच्या, फूट बाय फूट आकाराच्या अँटीस्किड टाइल्स घालायचे ठरले. त्यासाठी कमोड व पेडेस्टलचे, म्हणजे खाली खांब असलेले, बेसिन काढणे, फरशी झाल्यावर तेच परत बसवणे, हे काम आम्ही आमच्याच भागातील एका लहान कंत्राटदाराकडे सोपवले. प्लंबर आणि फरशी बसवणारा गवंडी, दोघेही त्याचेच. दोन्ही वस्तू काढून पुन्हा बसवण्याचे 3,000 रुपये ठरले. फरशीची मजुरी वेगळी होती.

सुरुवातीला कंत्राटदाराने एक स्वस्त मार्ग सुचवला होता. कमोड जागेवरच ठेवून त्याच्या पायाभोवती टाइल कापून बसवायची, म्हणजे निम्मे पैसे आणि एक दिवस वाचेल. आम्ही तो नाकारला आणि त्याचा मला आजही आनंद आहे. कमोडच्या गोलाईभोवती कापलेली टाइल कधीही नीट बसत नाही, सांध्यातील फटीत पाणी मुरत राहते, आणि पुढे कधी कमोड बदलायची वेळ आली की नव्याच्या पायाचा आकार वेगळा असल्यामुळे जुन्या फरशीचा तुकडा उघडा पडतो. जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवी चिकटवण्याचा त्याचा दुसरा सल्ला मात्र योग्य होता. खालच्या घरात ओल नव्हती, त्यामुळे चांगले टिकलेले वॉटरप्रूफिंग आणि खालचा कोबा हातोड्याने खिळखिळा करण्यात शहाणपण नव्हते.

काढण्याच्या कामाला मी पाचपैकी पाच गुण देईन. आलेला प्लंबर ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्याचा होता. हा जिल्हा प्लंबरांसाठी देशभर ओळखला जातो आणि ही ओळख उगाच नाही, हे त्याचे हात चालताना पाहून पटले. फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक, म्हणजे तिचे पाणी बंद करणारा भिंतीतला छोटा नळ, तीस वर्षांत कोणी फिरवलेला नव्हता. तो जबरदस्तीने फिरवला असता तर भिंतीतच मोडला असता. म्हणून त्याने शेजाऱ्यांना सांगून गच्चीवरील टाकीकडून येणारा व्हॉल्व बंद केला आणि मगच कॉक सोडवला. टाकी रिकामी करून कमोडमध्ये उरलेले पाणी त्याने आधी मगाने आणि शेवटी स्पंजाने टिपून काढले. कमोडचा पाया सिमेंटमध्ये पक्का बसवलेला होता आणि बहुतेक जुने कमोड येथेच फुटतात, कारण घाईत छिन्नी थेट चिनी मातीवर बसते. या माणसाने हॅक्सॉचे पाते कडेकडेने चालवून आधी सांधा मोकळा केला, गंजलेले स्क्रू त्याच पात्याने कापले आणि मग पातळ छिन्नीने खालचे सिमेंट थोडे थोडे उडवले. पाऊण तासाने कमोड अखंड उचलला गेला. खालच्या सिमेंटवर 1994 च्या गवंड्याच्या थापीचे फटकारे जसेच्या तसे होते.

आमच्यासारख्या एस ट्रॅपच्या, म्हणजे खाली जमिनीतल्या पाइपात उतरणाऱ्या, कमोडमध्ये वास अडवणारे पाणी कमोडच्या पोटातच असते. सुमारे 50 मिलिमीटर उंचीचा हा पाण्याचा पडदा कमोड उचलताच नाहीसा होतो आणि चार इंची पाइपाचे तोंड थेट घरात उघडे राहते. त्यातून वायू येतात, आणि फरशीचे तुकडे आत पडले तर पुढे पाइप तुंबतो. प्लंबरने तेथे गोणपाटाचा बोळा कोंबला, त्याला सुतळी बांधली आणि सुतळीचे दुसरे टोक जेट स्प्रेच्या नळाला गुंडाळले. बोळा विसरून त्यावरच कमोड बसवल्याचे किस्से मी ऐकले आहेत. या सुतळीमुळे आमच्याकडे तशी भीती उरली नाही.

त्यानंतर मात्र कामाचा ताल बिघडला. नवी टाइल साधारण आठ मिलिमीटर जाडीची आणि खालचा चिकटद्रव्याचा थर चार मिलिमीटर, म्हणजे जमीन सुमारे अर्धा इंच वर येणार हे उघड होते. पण या अर्ध्या इंचाचा हिशोब कंत्राटदाराने केला नव्हता, गवंड्याने विचारला नव्हता आणि प्लंबरला तर फरशी होईपर्यंत बोलावलेच नव्हते. गवंड्याचे काम तसे स्वच्छ होते. जुन्या फरशीवर त्याने ग्राइंडरने रेघा मारून ती खडबडीत केली, नहाणी ट्रॅपकडचा, म्हणजे जमिनीवरचे पाणी जाण्याच्या तोंडाकडचा, ढाळ राखला आणि ट्रॅपची जाळीही वर उचलून घेतली. परंतु कमोडच्या पाइपाभोवती त्याने टाइल अगदी काटेकोर गोल कापली, जणू ते शोभेचे काम होते. गुरुवारी प्लंबर आला तेव्हा पाइपाचे तोंड नव्या फरशीच्या अर्धा इंच खाली गेलेले होते, म्हणजे कमोडचे तोंड पाइपात पूर्वीपेक्षा तेवढेच कमी शिरणार होते, आणि पाइप वाढवण्यासाठी जोड द्यायचा तर कडेला बोटभरही जागा नव्हती. तो गवंड्याकडे पाहून एवढेच म्हणाला, "पहले लेवल पूछते, फिर फरशी डालते।" मग नवी कोरी टाइल पुन्हा कापून जागा केली गेली, जोड बसवला गेला, आणि त्यात तो दिवस संपला.

हाच अर्धा इंच पुढे आणखी दोन ठिकाणी भेटला. बेसिन भिंतीतील रॅग बोल्टवर जुन्या उंचीला होते, पण खालचा पेडेस्टलचा खांब आता वर आलेल्या जमिनीवर उभा असल्यामुळे बेसिनखाली मावेना. बोल्ट अर्धा इंच वर घ्यावेत तर नवे भोक जुन्या भोकातच उतरत होते. शेवटी प्लंबरने बेसिन पूर्ण दोन इंच वर घेतले, जुनी भोके बुजवली आणि खांबाखाली उरलेली दीड इंच जागा भरण्यासाठी ग्रॅनाइटच्या दोन गोल चकत्या एकावर एक ठेवल्या. उपाय डोळ्यांना फार सुबक दिसत नाही, पण पक्का आहे. दुसरी अडचण दाराची झाली. संडासाचे दार आतल्या बाजूला उघडते, ते नव्या फरशीला घासू लागले, आणि ते उतरवून खालून तासण्यासाठी सुतार आम्हालाच शोधावा लागला. त्याने 400 रुपये घेतले. बाहेरच्या खोलीपेक्षा संडासाची जमीन खोल असावी लागते, नाहीतर पाणी बाहेर येते. आमच्याकडे तो फरक आता जेमतेम पाव इंच उरला आहे आणि उंबऱ्याला ग्रॅनाइटची पट्टी लावण्याचे काम अजून बाकी आहे.

बसवण्याचे काम पुन्हा उत्तम झाले, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. कमोड या वेळी सिमेंटात न रोवता प्लंबरने जमिनीत गट्टी (स्क्रू धरून ठेवणारी खुंटी) ठोकून दोन स्क्रूंवर घेतला आणि पायाच्या कडेने पांढरे सिलिकॉन भरले. मागच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी जागा मात्र मुद्दाम मोकळी सोडली. सांधा कधी गळू लागला तर पाणी आत साचून न राहता तेथून दिसावे, हा त्याचा हेतू होता. त्यानंतर टाकीत निळीचे पाणी ओतून त्याने चार वेळा फ्लश केला आणि पायाभोवती कोरडा कागद फिरवून निळा डाग येतो का ते पाहिले. जुने कनेक्शन पाइप आणि बेसिनच्या वेस्ट कपलिंगचा (पाणी जाण्याच्या भोकातील जोडाचा) रबरी वॉशर न सांगता बदलला गेला. त्याचे सामानाचे पैसे बिलात लावले, पण ते वाजवी होते. तिसऱ्या दिवशी बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपच्या वरून थेंब गळू लागले तेव्हा त्याच संध्याकाळी येऊन त्याने ते विनामूल्य दुरुस्त केले.

माझी खरी तक्रार वेळेबद्दल आहे. कंत्राटदाराने सांगितले होते, "सोमवारी काढू, मंगळवारी रात्री वापरायला मोकळे." प्रत्यक्षात शनिवारी सकाळी संडास वापरात आला. पाइपामुळे वाया गेलेला गुरुवार सोडला तरी त्याचा शब्द खरा ठरणे शक्यच नव्हते, कारण चिकटवलेली टाइल सुकायला एक दिवस लागतो, त्यानंतर सांधे भरायचे असतात, आणि सिलिकॉनही रात्रभर हलवायचे नसते. त्यात आमच्या सोसायटीत दुपारी 1 ते 4 आवाजाचे काम चालत नाही, हेही त्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते. घरात एकच संडास असलेल्या आणि गुडघे दुखणाऱ्या वृद्ध माणसाच्या कुटुंबाला "चार ते पाच दिवस" असे खरे उत्तर मिळाले असते, तर आम्ही आधीच तजवीज केली असती. समोरच्या काकूंनी पहिल्या संध्याकाळीच आपल्या घराची किल्ली हातात ठेवली, पण त्यांच्याकडे भारतीय पद्धतीचे भांडे आहे आणि बाबांना त्यावर बसता येत नाही. मंगळवारी रात्री साडेनऊला मी औषधांच्या दुकानांतून कमोडची खुर्ची भाड्याने शोधत फिरलो, तो प्रसंग मला विसरता येणार नाही.

बिलात शेवटी "लेव्हलचे जादा काम" म्हणून 600 रुपये लावलेले होते. ते मी दिले नाहीत, आणि थोड्या वादानंतर कंत्राटदाराने ती ओळ खोडली. हाताच्या कामाला पाच, नियोजनाला दोन, म्हणून सरासरी साडेतीन गुण. असे काम काढणाऱ्यांनी पैसे ठरवण्याआधी कंत्राटदाराला एकच गोष्ट विचारावी : जमीन किती वर येणार, आणि पाइप, बेसिन, दार व उंबरा यांचे त्यानुसार काय करणार? त्याला लगेच उत्तर देता आले नाही, तर प्लंबर आणि गवंडी यांना एकाच दिवशी, एकाच वेळी, समोरासमोर उभे करावे. पुढच्या वेळी मी तेच करणार आहे, आणि प्लंबर तोच बोलावणार आहे. एरवी बेसिनची जमिनीपासून चुकून वाढलेली दीड इंच उंची बाबांना मानवली आहे; तोंड धुताना त्यांना आता पूर्वीइतके वाकावे लागत नाही.