ग्रँड कॅन्यनच्या वाटेवर मुक्काम: आपला तंबू, थाटाचा तंबू की घुमट?

फिनिक्सहून ग्रँड कॅन्यनला निघालं की विल्यम्स गावानंतर 64 नंबरचा रस्ता उत्तरेला लागतो आणि अर्ध्या-पाऊण तासात एक तिठा येतो. फ्लॅगस्टाफहून आलेला 180 इथे मिळतो. नकाशात गावाचं नाव वॅले, कुठे कुठे ग्रँड कॅन्यन जंक्शन. पेट्रोल पंप, छोटासा विमानतळ आणि चहूकडे सपाट माळ, मधूनमधून खुरटे जुनिपर. कित्येक वर्षांपूर्वी हा माळ प्लॉट पाडून विकला गेला, पण घरं बांधली फार थोड्यांनी. मग त्या रिकाम्या प्लॉटांवर एका रात्रीच्या भाड्याने पाहुणे उतरू लागले आणि मोठ्या कंपन्यांनीही इथेच तळ ठोकले.

तुलना करायला ही जागा उत्तम. काही मैलांच्या टापूत तिन्ही तऱ्हा आहेत. हिपकॅम्पसारख्या ॲपवर मिळणारा मोकळा प्लॉट, जिथे तंबू आपलाच. अंडर कॅनव्हास कंपनीची पलंग-गाद्यांची कॅनव्हासची छावणी. आणि क्लिअर स्काय कंपनीचे पारदर्शक खिडकीचे घुमट. तिघांना वारा तोच, आकाश तेच, आणि पार्कचं दक्षिणेकडचं दारही सारखंच अर्ध्या तासावर. त्यामुळे जास्तीचे पैसे नेमके कशाचे, हे इथे स्वच्छ दिसतं.

पार्कच्या आतल्या मुक्कामात शिरत नाही. तिथल्या माथर कॅम्पग्राउंडचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि सुट्ट्यांच्या तारखा बघता बघता संपतात. तुम्ही हे वाचताय म्हणजे बहुधा ते हुकलंय.

पैसे

ढोबळ मानाने, मोकळ्या प्लॉटला रात्रीचे 25 ते 50 डॉलर, कॅनव्हासच्या तंबूला हंगामात 200 ते 400, घुमटाला त्याच्या आसपास किंवा वर. दिसतो तो आकडा शेवटचा नसतो. ॲपची सेवा फी, मुक्कामावरचा कर, काही ठिकाणी रिसॉर्ट फी हे सगळं पैसे भरायच्या पानावर उगवतं, म्हणून तिथपर्यंत जाऊनच तुलना करा. चौघांचं कुटुंब असेल तर एका तंबूत किती जण झोपू देतात तेही पाहा. जादा खाटेचे पैसे वेगळे पडले तर विल्यम्समधलं साधं हॉटेल निम्म्यात पडतं.

मोकळ्या प्लॉटबद्दल एक गोष्ट जमीनमालक सांगणार नाही. पार्कच्या दाराजवळच्या टुसायान गावाच्या आजूबाजूला कायबाब राष्ट्रीय वनाची जमीन आहे. तिथे आतल्या फॉरेस्ट रोडवर, परवानगी असलेल्या भागात, 14 दिवसांपर्यंत फुकट तंबू ठोकता येतो. वर उंच पाँडेरोसा पाइनची सावली आणि पार्कचं दार जवळ. वॅलेतल्या उघड्या माळावर ना सावली ना आडोसा. मग पैसे का द्यायचे? कारण दोनच. जागा आपल्या नावावर असते, रात्री नऊला पोचलात तरी कुणी बळकावलेली नसते. आणि चांगल्या मालकाकडे स्वच्छतागृह असतं. यादीत स्वच्छतागृह नसेल तर तो प्लॉट घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. जी गोष्ट वनखातं फुकट देतंय, तीच कमी सावलीत विकत घेतल्यासारखं होतं ते.

रात्र

वॅले समुद्रसपाटीपासून 1800 मीटरच्या थोडं वर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच. वाळवंट म्हटलं की घाम आठवतो, पण इथे मे महिन्यात पहाटे तापमान चार-पाच अंशांवर येतं, ऑक्टोबरातही तेच, आणि एप्रिलमध्ये शून्याला टेकतं. दिवसा टी-शर्टवर फिरलेला माणूस पहाटे तीनला कुडकुडत बसतो. निवड करायची ती या पहाटे तीनच्या हिशेबाने. आपल्यातला सगळ्यात थंडी वाजणारा, सगळ्यात जास्त वेळा उठणारा माणूस कोण, आणि त्याला त्या वेळी काय करावं लागेल?

आपल्या तंबूत उत्तर सोपं आहे: सगळं आपल्या सामानावर. शून्य अंशाला चालेल अशी स्लीपिंग बॅग आणि खालची इन्सुलेटेड चटई असेल तर झोप छान लागते. हवा भरायची जाड गादी मात्र या थंडीत दगा देते, कारण आतली हवा गार पडते आणि पाठीतून थंडी शिरते. गादीच्या वर, अंगाखाली जाड ब्लँकेट अंथरणं, हा साधा उपाय.

कॅनव्हासच्या तंबूत लाकडाची लोखंडी शेगडी असते. संध्याकाळी पेटवली की तंबू दहा मिनिटांत इतका तापतो की स्वेटर काढावा लागतो. मग सगळे गाढ झोपतात, दीड-दोन तासांत ओंडके संपतात आणि कॅनव्हास काही ऊब धरून ठेवत नाही. म्हणजे चारशे डॉलर मोजूनही कुणीतरी पहाटे उठून फुंकर घालायचीच. ज्याला हे आवडतं त्याला मजा येते. गुडघेदुखीवाल्या सासूबाईंना त्या कामाला लावू नका.

घुमटात हीटर आणि एसी दोन्ही, बटण दाबलं की झालं. त्याची खोड वेगळी. ॲरिझोना घड्याळं पुढे-मागे करत नाही, त्यामुळे जूनमध्ये सव्वापाचच्या सुमारास सूर्य उगवतो, आणि खिडकी पूर्वेला असेल तर तो थेट तोंडावर. डोळ्यांवर बांधायची पट्टी सोबत ठेवावी.

घरात कुणी झोपेत श्वास नीट चालावा म्हणून सीपॅप मशीन लावत असेल तर प्रश्न इथेच सुटतो. कॅनव्हासच्या अशा छावण्यांत तंबूत विजेचे सॉकेट नसतात. फोन चार्ज करायला बॅटरी पॅक देतात, त्यावर मशीन रात्रभर चालत नाही. मशीनची स्वतःची बॅटरी नसेल तर घुमट घ्या.

वारा

मार्च ते मे वारा हा इथला खरा यजमान. उन्हं चढली की सुरू होतो, दुपारी जोर धरतो आणि बहुतेकदा सूर्यास्तानंतर पडतो. नेमका दुपारी तीन हा चेक-इनचा वेळ, तंबू उभारायला सगळ्यात वाईट. त्यात जमीन अशी की वर चार बोटं माती आणि खाली चुनखडीचा खडक. तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मेखा दोन ठोक्यांत वाकतात. लांब पोलादी मेखा आणि हातोडी न्या, नाहीतर दोरीचं टोक डोक्याएवढ्या दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा दगड ठेवा. एक दोरी गाडीच्या चाकाला बांधली तरी चालते, फक्त सकाळी गाडी काढताना आठवण ठेवायची. वाऱ्याचा अंदाज ताशी 30 मैलांच्या वर असेल तर मुक्काम टुसायानच्या झाडीत हलवावा. कॅनव्हासचे मोठे तंबू लाकडी ओट्यावर पक्के बांधलेले असतात, उडत नाहीत. पण कापड रात्रभर फडफडतं. झोप सावध असेल तर कानात बोळे.

पाणी आणि सकाळचा प्रश्न

वॅलेच्या भागात भूजल तीन हजार फुटांच्या आसपास खोल आहे. इतकी खोल बोअर घेणं प्लॉटमालकाच्या आवाक्यातलं नाही, म्हणून पाणी टँकरने किंवा गाडीवरच्या टाकीने येतं. मोकळ्या प्लॉटवर बहुतेक ठिकाणी नळ नसतोच. पिण्यासाठी माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, आणि भांडी-हात-तोंड वेगळं. विल्यम्सला भरून घ्या.

स्वच्छतागृह यादीत असलं तरी कोणत्या प्रकारचं ते विचारा. पोर्टा पॉटी, म्हणजे प्लॅस्टिकचा फिरता संडास, असेल तर ठीक. कंपोस्ट पद्धतीचं असेल तर त्यात पाणी ओतायचं नसतं, लाकडाचा भुसा टाकायचा असतो. आपल्याकडच्या ज्येष्ठांना मगाशिवाय चालत नाही, हे उघड बोलायला आपण लाजतो आणि मग तिथे पंचाईत होते. आई-बाबा सोबत असतील तर हा एकच मुद्दा मोकळ्या प्लॉटला बाद करायला पुरेसा आहे.

कॅनव्हासच्या छावणीत फ्लशचा संडास आणि गरम पाण्याचा शॉवर असतो. शॉवरला साखळी असते. ओढून धरली की पाणी, सोडली की बंद. एका हाताने साखळी आणि एका हाताने साबण ही कसरत लहान मुलांना अंघोळ घालताना आणखी रंगते, म्हणून रिकामी बादली मिळाली तर सोनं. बुकिंग करताना एवढं बघा की सगळ्यात स्वस्त तंबूंना स्वतःचं न्हाणीघर नसतं, अंधारात टॉर्च घेऊन सामायिक जागेपर्यंत चालावं लागतं. घुमटात न्हाणीघर आतच आणि नळ नेहमीसारखा.

जेवण

इथे मोकळा प्लॉट बाजी मारतो. गॅसचा स्टोव्ह, छोटा कुकर, आणि कॅन्यनवरून दमून आल्यावर मुगाची खिचडी, मेतकूट, भाजलेला पापड. कॅनव्हासच्या छावणीत आणि घुमटांत सहसा स्वतःचा स्टोव्ह लावू देत नाहीत. त्यांच्या उपाहारगृहात खायचं किंवा टुसायानला जायचं. शाकाहारी माणसाचे पर्याय दोन दिवसांत संपतात. दशम्या, धपाटे, गुळपोळी, दाण्याची चटणी असं न तापवता चालणारं घरून न्यावं.

शेकोटीवर फार भिस्त ठेवू नका. मे-जूनमध्ये पाऊस येईपर्यंत आगीचे निर्बंध लागतात आणि ते पायऱ्यांनी कडक होतात. शेवटच्या पायरीला लाकूड-कोळशाची शेकोटी कुठेच नाही, खासगी जमिनीवरही काउंटीचा नियम लागू. बंद करता येणारा गॅसचा स्टोव्ह बहुतेकदा चालतो, पण त्या आठवड्याचा नियम बघूनच जा. शेकोटीला बंदी आली म्हणून मालकाने पैसे परत करावेत अशी अपेक्षा ठेवू नका.

रस्ता

छावणी आणि घुमटांपर्यंत कुठलीही सेडान जाते. प्लॉटचं तसं नाही. ॲपवर जी रेघ दिसते ती जागेवर दोन चाकोऱ्या असतात. कोरड्यात चालतं. 15 जून ते 30 सप्टेंबर हा इथला पावसाळी हंगाम; जुलैपासून दुपारी ढग फुटले की तीच माती चाकाला चिकटते आणि गाडी जागेवर फिरते. शिवाय भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाई असते, म्हणजे अडकलात तर टोइंग पदरचं. मालकाला दोनच गोष्टी विचारा: डांबरी सोडल्यावर किती मैल, आणि गेल्या पावसात सेडान आली होती का. उत्तर गोलमाल आलं तर सोडून द्या.

मग कुणी काय घ्यावं

भारतातून आलेले आई-बाबा किंवा सासू-सासरे बरोबर असतील तर घुमट, किंवा तो महाग वाटला तर विल्यम्सचं हॉटेल. शाळकरी मुलं आणि आपण दोघं असू तर एक रात्र कॅनव्हासचा तंबू, न्हाणीघरवाला. मुलांना शेगडीचं अप्रूप वाटतं. दुसरी रात्र तिथे नको, दुसऱ्या रात्रीला तेवढी गंमत उरत नाही आणि पैसे तेवढेच लागतात. मित्रमंडळी असतील, सामान आपलं असेल, तर मोकळा प्लॉट किंवा त्याहून बरं ते वन. आकाशाच्या बाबतीत तिन्ही सारखे. ग्रँड कॅन्यनला 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, आणि वॅलेचा माळही पुरेसा काळोखा असतो. कालनिर्णय उघडून अमावस्येच्या अलीकडे-पलीकडे तारीख धरा, हा सल्ला फुकटचा आहे आणि चारशे डॉलरच्या खिडकीपेक्षा जास्त उपयोगी.

हे सगळं उंचावरच्या वॅलेचं. खाली उतरलं की उत्तर बदलतं. युटातल्या मोआबला जुलैत दुपारी 38 अंश चढतात आणि कॅनव्हासच्या आत त्याहून जास्त. तिथे उन्हाळ्यात एसी नसलेलं काहीही घेऊ नका, कितीही सूट असली तरी. लॉस एंजेलिसकडून जोशुआ ट्रीला जाणाऱ्यांनाही तेच लागू. तिथे एअरस्ट्रीमच्या चंदेरी गाड्यांत राहायची सोय आहे, उन्हाळ्यात त्या घ्याव्यात. नोव्हेंबर ते मार्चमध्ये मात्र तिथल्या खासगी जमिनीवर आपला तंबू उत्तम, गरम कपडे असले की झालं. सकाळी बूट झटकून घालायचे, विंचू त्यातच बसतो.

ॲरिझोनाच्या उत्तर टोकाच्या पेज गावाकडे आणि मॉन्युमेंट व्हॅलीकडे काही नवाहो आदिवासी कुटुंबं होगनमध्ये पाहुणे ठेवतात. लाकडाचं, मातीने लिंपलेलं गोल किंवा अष्टकोनी घर, दार पूर्वेला. बाहेरच्या संडासाची आणि टाकीतल्या पाण्याची तयारी असेल तर या यादीतल्या कुठल्याही घुमटापेक्षा मला हे आवडेल. फक्त ती खासगी जमीन नव्हे, नवाहो नेशनची, म्हणजे त्यांच्या स्वायत्त प्रदेशाची आहे. तिथे दारूबंदी आहे, ड्रोन विनापरवाना उडवायचा नाही, आणि यजमानांच्या नातेवाइकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. नवाहो नेशन उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतं आणि शेजारचं पेज करत नाही. अँटिलोप कॅन्यनची सहल पेजच्या वेळेने धरतात, तेव्हा फोनवर दिसणाऱ्या वेळेवर न जाता बुकिंग करतानाच कोणतं घड्याळ ते विचारून ठेवा.