लाच मागितली: एकट्याने सापळा लावायचा, की सगळ्यांनी मिळून नकार द्यायचा?

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत छोटं युनिट चालवणाऱ्याची फाइल अडली की दोन मार्ग उरतात.

एक, १०६४ वर फोन करून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जाणं. आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी, मग लाच म्हणून द्यायच्या नोटांना खास पावडर. घेणाऱ्याचे हात द्रावणात बुडवले की पाणी गुलाबी. पुरावा पक्का. पण पुढचा परवाना त्याच कार्यालयातून घ्यायचा असतो, भीती तिथेच. तरी गपचूप पैसे देणंही आता महागात पडतं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. बळजबरीने द्यावे लागले असतील, तर ७ दिवसांत कळवलं तरच सुटका.

दुसरा, उद्योजकांच्या संघटनेने "कुणीच देणार नाही" असं लेखी ठरवून अडवणुकीची तक्रार स्वतःच्या लेटरहेडवर करणं. यात एकटा कुणी डोळ्यावर येत नाही. गोम एवढीच, की एकाने मागच्या दाराने पाकीट सरकवलं की बाकीचे मूर्ख ठरतात. त्याचं सदस्यत्व काढायची तयारी नसेल, तर शपथेचा कार्यक्रम म्हणजे नुसता हारतुऱ्यांचा फोटो.

रोजच्या अडवणुकीला मला दुसरा मार्ग बरा वाटतो. थेट रकमेची मागणी झाली, तर मात्र संघटनेच्या बैठकीची वाट न बघता १०६४.