पहिलीच दुरुस्ती असेल तर कोणतं मशीन: पीडीपी-8/ई की पीडीपी-11/34?

दोन्ही मशीनं म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्डच्या डेक कंपनीचे जुने कॉम्प्युटर. 8/ई 1970चं, 12 बिटांचं. 11/34 हे 1976चं, 16 बिटांचं. दोन्ही मिळण्यासारखी असतील आणि हात अजून बसलेला नसेल, तर 8/ई घ्या. बिघाड कुठे आहे हे ते स्वतः दाखवतं.

त्याचं पॅनेल ही खरी संपत्ती आहे. स्विचांनी मेमरीतला पत्ता द्यायचा, शब्द (12 बिटांचा आकडा) भरायचा, परत वाचायचा. खटका फिरवला की अ‍ॅक्युम्युलेटर (चालू हिशेबाचा आकडा ठेवणारी जागा), बस (सगळ्या कार्डांना जोडणाऱ्या सामाईक तारा), स्थिती, जे हवं ते दिव्यांवर येतं. टर्मिनल नको, डिस्क नको. ऑक्टल (0 ते 7 एवढेच अंक वापरणारी पद्धत) 0200 पासून 7001, 2300, 5201, 5200 हे चार शब्द भरा, 0200 पासून चालवा आणि खटका अ‍ॅक्युम्युलेटरवर ठेवा. सेकंदाला साठेक वेळा त्यात एक मिळवला जातो आणि दिवे उजवीकडून डावीकडे मोजत सरकतात. पूर्ण फेरीला मिनिटभर लागतं. एखादा बिट अडकलेला असेल तर तिथेच कळतं. (दिवा लागलाच नाही तर आधी दिवाच तपासा, ते जुने तारेचे बल्ब आहेत.) हे पहिल्यांदा चालताना पाहिलं की महिनाभराचा शीण जातो.

11/34चा प्रोसेसर मायक्रोकोडवर, म्हणजे आत साठवलेल्या बारीक बारीक सूचनांवर चालतो, त्यामुळे अर्धमेल्या अवस्थेत तो फारसं बोलत नाही. घ्यायचंच असेल तर आकड्यांच्या कळा असलेलं पॅनेल मागा. त्यात इंटेल 8008 हा स्वतंत्र मायक्रोप्रोसेसर आहे आणि जादा केबल जोडल्या तर मायक्रोकोड एकेक पाऊल चालवता येतो. दुसरा, साध्या स्विचांचा प्रकार निदानाला जवळजवळ निरुपयोगी.

नवख्याला सर्वांत जास्त छळते ती 11/34ची बस, युनिबस. बस वापरायची परवानगी एका कार्डातून पुढच्या कार्डात जाते. रिकाम्या स्लॉटमध्ये छोटं जोडकार्ड नसेल तर साखळी तुटते आणि मशीन लटकतं. डिस्क कंट्रोलर काढलात तर त्या स्लॉटमागे सीए1 आणि सीबी1 पिनांमधली तारही परत गुंडाळावी लागते. हे माहीत नसलं की माणूस चांगल्या चिपा उपटत बसतो. 8/ईच्या बसमध्ये, ऑम्निबसमध्ये, ही भानगड नाही.

मेमरीत मात्र पारडं उलटं फिरतं. 8/ईच्या 4096 शब्दांसाठी 49,152 चुंबकी कड्या केसासारख्या तारांत ओवलेल्या असतात. वीज गेली तरी मजकूर राहतो, पण आतली तार तुटली तर घरी जोडणं जवळजवळ अशक्य. 11/34ला बहुधा चिपांची मेमरी असते. खराब चिप काढून दुसरी बसवता येते.

चालू झाल्यावर करायला 11/34वर अधिक आहे: आरटी-11, युनिक्सची सहावी आवृत्ती अशा ऑपरेटिंग सिस्टिम. 8/ईवर ओएस/8 ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि 4096 शब्दांत मावणारी फोकल ही प्रोग्रॅमिंग भाषा.

वीजपुरवठ्याची काळजी दोन्हीकडे सारखीच. सगळी कार्डं काढा, जुने कंडेन्सर कमी व्होल्टेजपासून हळूहळू चढवा, गाडीचे बल्ब भार म्हणून लावून प्रत्येक व्होल्टेज मोजा, मगच कार्डं बसवा. अमेरिकेतून आलेल्या मशीनवर 115 व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या 230ला थेट लावू नका. आणि कार्डं काढण्याआधी प्रत्येक स्लॉटचा फोटो घ्या. 11/34ला तर बॅकप्लेनच्या (कार्डं ज्यात बसतात त्या फळ्याच्या) मागच्या बाजूचाही.