दंडावरचा ग्लुकोज सेन्सर आणि सासूबाईंची पेज: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे आणि त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. न्याहारीपूर्वी आणि रात्रीच्या जेवणापूर्वी अशा दोन वेळा त्या ३०/७० मिश्रणाचे (लवकर काम करणारे आणि मध्यम काळ चालणारे अशी दोन इन्सुलिने एकत्र असलेले) इन्सुलिन पेनने घेतात. गेल्या पावसाळ्यात कुडाळच्या डॉक्टरांनी दंडावर लावायचा ग्लुकोज सेन्सर सुचवला. तेव्हापासून आंब्याच्या हंगामापर्यंत सणवार, उपास आणि आजारपणे यांतून तो वापरून झाल्यावर, मालवण तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या घरात त्याचा नेमका काय उपयोग झाला हे सविस्तर लिहावेसे वाटते. माझे मत आधीच सांगते. जेवण आणि इन्सुलिन यांच्या वेळा जुळवण्यासाठी हे साधन अवश्य घ्यावे. मात्र घरच्या माणसाच्या ताटातला एकेक पदार्थ काढून टाकण्यासाठी ते वापरले, तर पैसे वाया जातात आणि माणूसही दुखावतो.

साधन म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी चकती. तिची केसासारखी बारीक तार दंडाच्या मागच्या बाजूला कातडीखाली राहते आणि चकती १४ दिवस चालते. फोन जवळ नेला की आकडा, साखर चढते आहे की उतरते आहे हे दाखवणारा बाण आणि गेल्या आठ तासांचा आलेख दिसतो. ही तार रक्तातली साखर मोजत नाही, तर पेशींभोवतीच्या द्रवातली मोजते, त्यामुळे तिचा आकडा रक्ताच्या पाच ते दहा मिनिटे मागे असतो. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे, कारण साखर झपाट्याने उतरत असताना सेन्सर खऱ्यापेक्षा बरा आकडा दाखवतो, आणि साखरपाणी दिल्यावर ती सावरली तरी काही वेळ कमीच दाखवत राहतो.

सर्वांत मोठा उपयोग रात्रीचा झाला. ग्लुकोमीटरवर आम्ही सकाळी अनशापोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी तपासत असू, आणि ते आकडे फारसे वाईट नसत. सेन्सरच्या आलेखात मात्र रात्री दोन-तीनच्या सुमारास साखर ७० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर) खाली, म्हणजे धोक्याइतकी कमी, जाऊन पहाटे पुन्हा वर आलेली दिसली, आणि तीही एकदाच नव्हे. पहाटे अंगाला येणारा घाम दमट हवेचा, असे आजवर साऱ्यांनाच वाटत होते. डॉक्टरांनी कारण समजावून सांगितले. ३०/७० मिश्रणातला ७० टक्के भाग मध्यम काळ चालणाऱ्या इन्सुलिनचा असतो. त्याचा जोर टोचल्यानंतर साधारण चार तासांनी वाढू लागतो आणि पुढे बराच वेळ टिकतो, म्हणजे रात्री आठला घेतलेला डोस माणूस गाढ झोपेत असताना आणि पोट रिकामे असताना सर्वाधिक काम करतो. आलेख पाहून त्यांनी रात्रीची मात्रा कमी केली. मात्रा आम्ही स्वतःच्या मनाने कधीही बदलत नाही, आणि हा लेख वाचून कोणीही बदलू नये.

हेच गणित दुपारीही लागू होते. सकाळच्या डोसचा जोर दुपारच्या सुमारास असतो, त्यामुळे दुपारचे जेवण लांबले की साखर घसरते. किनाऱ्यावरच्या घरांत जेवण लांबण्याचे कारण बहुतेक वेळा मासळी असते. मासळीवाली उशिरा आली की सार उशिरा होते आणि घर थांबून राहते. आता साडेबारा वाजले की सासूबाईंचे ताट वाढलेच जाते. मासळी आली नसेल तर कुळथाची पिठी आणि भात वाढतो, आणि तळलेली तुकडी त्यांना संध्याकाळी मिळते. संकष्टीला दिवसभर उपास करून चंद्रोदयानंतर जेवायचे आणि इन्सुलिनही घ्यायचे, हे या औषधावर धोक्याचे आहे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. सासूबाईंनी तो उपास माझ्याकडे सोपवला आहे आणि मी तो मनापासून करते.

पेजेबद्दल अधिक लिहिणे भाग आहे, कारण पथ्याच्या छापील कागदांवर ‘भात कमी, पोळी खा’ एवढेच असते आणि कोकणातल्या म्हाताऱ्या माणसाला ते पाळता येत नाही. “पेज नसली तर माका जेवल्यासारखा वाटणा नाय,” असे त्या म्हणतात, आणि ते अगदी खरे आहे. सेन्सरमुळे आम्हाला पेज बंद न करता तिची मांडणी बदलता आली. नुसती पेज आणि लोणचे खाल्ले की तासाभरात आलेख उभा चढे. पेजेचे भांडे लहान केले, उकड्या तांदळाचीच पेज ठेवली आणि सोबत वाटीभर मुगाची किंवा चवळीची उसळ आधी खायला दिली, तेव्हा तोच चढ मंद आणि बुटका झाला. मिश्रणातले लवकर काम करणारे साधे इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी टोचायचे असते. हे अंतर घड्याळ लावून पाळल्यावर आणखी फरक पडला. घावण्यांचेही तसेच, संख्या ठरवून दिली आणि सोबत काळ्या वाटाण्याची उसळ दिली की चालतात. हापूसच्या १०० ग्रॅम गरात साधारण १४ ग्रॅम साखर असते, म्हणून जेवणावर आंबा देत नाही. सकाळी अकराच्या सुमारास थोड्या फोडी देते. प्रत्येकाचे शरीर वेगळे असल्याने आमच्या घरचे प्रमाण दुसऱ्या घरात जसेच्या तसे लागू होईल असे नाही, पण तपासण्याची रीत नक्की लागू होईल.

साखर ७० च्या खाली गेली तर सपाट तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून देतो आणि पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर, म्हणजे बोटातल्या रक्तावर, पुन्हा तपासतो. अशा वेळी सेन्सरच्या आकड्यावर विसंबत नाही. लाडू किंवा चॉकलेट देऊ नये, कारण तुपामुळे किंवा चरबीमुळे साखर रक्तात उशिरा उतरते. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा.

आता उणिवा. आम्ही घेतलेल्या प्रकारात धोक्याची घंटा वाजत नाही, आणि रात्रीच्या घसरणीसाठी घेतलेल्या साधनात ही मोठीच उणीव आहे. आठ तासांहून जुनी नोंद पुसली जाते, त्यामुळे झोपताना आणि पहाटे उठल्याबरोबर फोन लावावाच लागतो. सासूबाई सेन्सरच्या कुशीवर झोपल्या की दाबामुळे खोटे कमी आकडे येतात. एप्रिल-मेच्या घामात चकतीच्या कडा सुटतात, म्हणून वरून औषधांच्या दुकानात मिळणारी चिकटपट्टी लावतो. पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर मी फार भरवसा ठेवत नाही. मुंबईच्या माझ्या दिरांना आलेख पाठवायचा तर रेंज लागते, आणि पावसाळ्यात ती कित्येकदा नसते.

याच काळात शिकलेली एक गोष्ट सेन्सरची नसली तरी सांगायलाच हवी. आपल्याकडे पेनमधले इन्सुलिन एका मिलिलीटरला १०० युनिटचे असते आणि बाटलीतले बहुधा ४० युनिटचे. पेन बिघडले म्हणून त्याच्या काडतुसातले औषध ४० युनिटच्या बाटलीसाठी असलेल्या सिरिंजने ओढले, तर १० च्या रेषेपर्यंत १० नव्हे, २५ युनिट जातात. आडगावी रात्री दुकान बंद असताना हा मोह होऊ शकतो, म्हणून आम्ही दुसरे पेन घरात ठेवले आहे. न उघडलेली काडतुसे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवतो, बर्फाच्या खणाजवळ कधीच नाही.

खर्च हा खरा अडसर आहे. एका सेन्सरला आम्हाला पाच हजारांच्या आसपास मोजावे लागतात, म्हणजे सतत लावायचा तर महिन्याला दहा हजार, आणि ते आम्हाला परवडत नाही. म्हणून डॉक्टरांनी मात्रा बदलली की किंवा मोठे आजारपण होऊन गेले की एक सेन्सर लावतो. एरवी ग्लुकोमीटर आणि वही. वहीत आकड्याशेजारी ताटात काय होते, डोस किती वाजता घेतला, जेवण किती वाजता झाले आणि ताप-जुलाब होते का, हे माझी मुलगी लिहिते. कुडाळला जाताना फोनमधल्या आलेखासोबत ती वहीही नेतो आणि डॉक्टर आधी वही उघडतात.