रिकामा चालवून विकलेला जनरेटर

घरासाठी जनरेटर घेताना आमची जी फसवणूक झाली ती भर दिवसा, चालू यंत्रासमोर आणि आमच्या डोळ्यांदेखत झाली, म्हणून ती सविस्तर लिहीत आहे. विक्रेत्याने यंत्र दाखवले तेव्हा पॅनेलवरचा काटा २३० व्होल्टवर स्थिर होता, वारंवारिता ५० हर्ट्झच्या किंचित वर होती, इंजिनाचा आवाज एकसारखा होता आणि धूर जवळजवळ नव्हता. यातले काहीही खोटे नव्हते. मात्र त्या वेळी यंत्राला साधा एक दिवाही जोडलेला नव्हता, आणि रिकाम्या चालणाऱ्या जनरेटरवरून त्याच्या ताकदीचा कोणताही अंदाज बांधता येत नाही. लोड नसताना इंजिनाला स्वतःच्या घर्षणापलीकडे फारसे काही ओढायचे नसते, आणि अल्टरनेटरचा, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाचा, एव्हीआर (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारे उपकरण) २३० व्होल्ट सहज राखतो. निम्म्या क्षमतेचे किंवा झिजलेले यंत्रही अशा वेळी नव्यासारखेच दिसते.

आमची गरज खरी आणि तातडीची होती. वडील ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या यंत्रावर, आहेत आणि आमच्याकडे वीज तासन्‌तास जाते. कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेतो. त्यात फ्रिज, दिवे, पंखे, त्यांच्या खोलीतला एसी आणि एक अश्वशक्तीचा पाण्याचा पंप धरला तर चालू स्थितीतली बेरीज चार किलोवॅटच्या आसपास जाते. पंप आणि एसीसारखी मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते, त्यामुळे बेरजेच्या वर पुरेशी मोकळी ताकद ठेवावीच लागते. विक्रेत्याने साडेसात केव्हीएचा (केव्हीए म्हणजे व्होल्ट आणि ॲम्पियर यांचा गुणाकार, हजारांत) डिझेल संच सुचवला. सल्ला म्हणून तो योग्यच होता आणि त्यामुळेच पुढच्या गोष्टींवर विश्वास बसला.

‘साडेसात केव्हीए म्हणजे साडेसात किलोवॅट, तुमच्या गरजेच्या जवळजवळ दुप्पट,’ असे त्याने आम्हाला सांगितले. हे पहिले असत्य होते. नेमप्लेटवर पॉवर फॅक्टर, म्हणजे केव्हीएपैकी प्रत्यक्ष किलोवॅट किती मिळतात ते प्रमाण, ०.८ लिहिलेला असेल तर साडेसात केव्हीएचे सहाच किलोवॅट होतात. शिवाय तो आकडा कोणत्या प्रकारचा आहे हेही त्याने दडवले. आयएसओ ८५२८ या आंतरराष्ट्रीय मानकात एकाच यंत्राची क्षमता वेगवेगळ्या प्रकारे सांगितली जाते. प्राइम क्षमता ही बदलत्या लोडवर कितीही तास चालवण्यासाठी असते. स्टँडबाय क्षमता ही फक्त आणीबाणीसाठी, वर्षाला २०० तासांपर्यंत आणि चोवीस तासांतला सरासरी लोड त्या आकड्याच्या ७० टक्क्यांच्या आत राहील या अटीवर असते. ज्या घरात रोज वीज जाते त्या घराला स्टँडबाय आकडा दाखवून यंत्र विकणे हीसुद्धा फसवणूकच आहे, मग तो आकडा कागदावर कितीही खरा असो. पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या जनरेटरांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत जे वॅट छापलेले असतात तेही बहुधा काही क्षणांचे कमाल वॅट असतात. सलग चालण्याचा आकडा बारीक अक्षरांत, खाली कुठेतरी असतो.

आमच्या संचाच्या बाबतीत तर मूळ आकडाच बनावट होता. बाहेरच्या कॅनोपीवर, म्हणजे यंत्राच्या आवरणावर, साडेसात केव्हीएचा चकचकीत स्टिकर होता. अल्टरनेटरच्या अंगावरची धातूची पट्टी, जिच्यावर निर्मात्याने केव्हीए, ॲम्पियर, फेरे आणि अनुक्रमांक कोरलेले असतात, ती रंगाच्या थराखाली गेली होती. आमच्या विश्वासातल्या वायरमनने नंतर तो रंग खरवडला तेव्हा तिच्यावर ५ केव्हीए आणि २१.७ ॲम्पियर असे स्पष्ट वाचता आले. एका फेजच्या २३० व्होल्टच्या साडेसात केव्हीए यंत्रावर हा आकडा ३२.६ असायला हवा होता. व्होल्ट आणि ॲम्पियर यांचा गुणाकार करून स्टिकरवरच्या केव्हीएशी ताडून पाहणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे, आणि ते करता येऊ नये म्हणूनच ती पट्टी रंगवलेली होती.

संच नवा असल्याचा दावाही तितकाच पोकळ ठरला. तासमापकावर अगदी थोडे तास दिसत होते, पण तासमापक हा काढून दुसरा बसवता येणारा सुटा भाग आहे. खरे पुरावे इतरत्र होते. रबरी नळ्यांवर आणि वायरींच्या वेटोळ्यांवर रंगाचे शिंतोडे होते, म्हणजे यंत्र जुळलेले असतानाच त्यावर फवारा मारलेला होता. नटबोल्टांच्या कडा पान्याने झिजलेल्या होत्या आणि धुराच्या नळीच्या आत जुन्या काजळीचा जाड थर होता. आम्ही इंजिनाचा अनुक्रमांक निर्मात्याच्या सेवा केंद्राला कळवला, तेव्हा ते इंजिन काही वर्षांपूर्वीच दुसऱ्या ग्राहकाच्या नावावर नोंदले गेल्याचे समजले. ही चौकशी खरेदीच्या आधीही एका फोनवर होऊ शकते, आणि जो विक्रेता अनुक्रमांक आधी द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून पुढे काहीही घेऊ नये. आणखी एक खूण सांगतो: आम्ही पोहोचलो तेव्हा यंत्र आधीच गरम होते. थंड इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू होते का, आणि सुरू होताना निळा धूर, म्हणजे जळणारे वंगण तेल, बाहेर पडते का, हे गरम इंजिनावर कळत नाही.

हे सारे उघडकीला आले ते पहिल्यांदा बराच वेळ वीज गेली त्या दिवशी. एसी चालू असताना पंप सुरू झाला, दिवे मंदावले, काळा धूर निघाला आणि कॉन्सन्ट्रेटर गजर देऊन बंद पडला. राखीव ऑक्सिजन सिलिंडर भरलेला होता म्हणून वडिलांना अपाय झाला नाही. विक्रेत्याला कळवल्यावर त्याने दोष घराच्या वायरिंगला दिला, आणि हेच उत्तर बहुतेकांना मिळते असे आता अनेकांशी बोलल्यावर माझ्या लक्षात आले आहे. त्याचा निकाल लावायची पद्धत सोपी आहे. व्होल्टेज घरातल्या सॉकेटवर न मोजता लोड चालू असताना थेट जनरेटरच्या टर्मिनलवर मोजावे. तिथेच ते घसरत असेल तर वायरिंगचा त्यात काही संबंध उरत नाही. आमच्याकडे टर्मिनलवर व्होल्टेज १८० च्या खाली गेले आणि वारंवारिता ४५ हर्ट्झपर्यंत उतरली.

वारंवारितेचा हा आकडा फार बोलका असतो. चार पोलांच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) अल्टरनेटरला ५० हर्ट्झसाठी मिनिटाला १५०० फेरे लागतात, दोन पोलांच्या यंत्राला ३०००. वारंवारिता ४५ झाली याचा अर्थ इंजिन १५०० वरून १३५० फेऱ्यांवर आले, म्हणजे त्याच्यात दमच उरलेला नव्हता. साध्या गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग राखणाऱ्या भागाच्या) यंत्रात रिकामे असताना ५२ आणि पूर्ण लोडवर ५० च्या आसपास, इतका फरक स्वाभाविक धरतात. वारंवारिता टिकून फक्त व्होल्टेज पडत असेल तर संशय अल्टरनेटर किंवा एव्हीआरवर घ्यावा. दोन्ही एकत्र कोसळत असतील तर इंजिनावर घ्यावा, कारण फेरे उतरले की अनेक एव्हीआर स्वतःहून व्होल्टेजही उतरवतात.

यंत्रापेक्षा मला अधिक संताप येतो तो जोडणीचा. बिलात चेंजओव्हर स्विचचे, म्हणजे घर बाहेरच्या विजेवरून जनरेटरवर वळवणाऱ्या स्विचचे, पैसे लावलेले होते, प्रत्यक्षात स्विच बसवलाच नव्हता. त्याऐवजी विक्रेत्याच्या माणसाने दोन्ही टोकांना प्लग असलेली एक केबल करून ती घरातल्या सॉकेटमध्ये घातली आणि ‘वीज गेली की आधी मेन स्विच खाली करा’ एवढी तोंडी सूचना दिली. या जोडणीत मेन खाली करायचे एकदा जरी राहिले तरी जनरेटरची वीज उलटी बाहेरच्या तारांत जाते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो, त्यामुळे घरातले २३० व्होल्ट पलीकडे हजारो व्होल्ट होऊन निघतात, आणि वीज बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा त्यात जीव जाऊ शकतो. जनरेटर चालू असताना तो प्लग सॉकेटमधून निसटला तर त्याच्या उघड्या पिनांमध्ये वीज असते, आणि आमच्या घरात लहान मुले आहेत. बाहेरची वीज परत आली की दोन न जुळणारे पुरवठे एकमेकांवर आदळून अल्टरनेटर जळण्याची शक्यता वेगळीच. चेंजओव्हर स्विच हाताने फिरवायचा असो किंवा आपोआप फिरणारा असो, त्याचे काम एकच असते: दोन्ही पुरवठे एकाच वेळी घराला जोडले जाणे यांत्रिकदृष्ट्या अशक्य करणे. ज्या माणसाने त्याचे पैसे घेऊन तो बसवला नाही, त्याने आमच्याबरोबर आम्हाला ठाऊकही नसलेल्या लोकांचे जीव पणाला लावले.

अर्थिंगही नावापुरते होते. संचाच्या न्यूट्रलला जमिनीशी जोडलेलेच नव्हते, त्यामुळे कुठे गळती झाली तरी प्रवाहाला परतीची वाट नव्हती आणि घरातला आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडला नसता. टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण त्या बटणाची चाचणी अर्थिंगशिवायही यशस्वी होते. अर्थिंग स्वतंत्र वायरमनकडून मोजूनच घ्यावे.

संच ठेवला होता तो वडिलांच्या खोलीच्या खिडकीखाली, केबल कमी लागावी म्हणून. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, आणि कॉन्सन्ट्रेटर हवा खोलीतूनच घेतो. दारे, खिडक्या आणि झरोके यांपासून किमान सहा मीटर दूर, मोकळ्या जागी आणि धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला, हा नियम केबलच्या लांबीसाठी मोडता येत नाही. शिवाय झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा गजर बसवावा.

पैसे परत मागताना आमची बाजू लंगडी पडली ती बिलामुळे. त्यावर ‘जनरेटर संच, १ नग’ एवढेच होते. इंजिन आणि अल्टरनेटर यांचे अनुक्रमांक नव्हते, म्हणून ‘हे यंत्र मी दिलेलेच नाही’ असे म्हणण्याची विक्रेत्याला सोय झाली. वॉरंटीच्या कार्डावर त्याचाच शिक्का होता. निर्मात्याकडे आमच्या नावाची नोंद नव्हती आणि संच बसवून चालू केल्याचा कोणताही अहवाल नव्हता. संच पोहोचला त्या दिवशी सहज काढलेली छायाचित्रे आणि विक्रेत्याचे लेखी संदेश यांच्या आधारे तक्रार उभी राहिली आणि रकमेचा काही भाग परत मिळाला.

दुसऱ्या वेळी आम्ही विक्रेत्यांसमोर आधीच लेखी अटी ठेवल्या. एकाने घाईघाईने दुप्पट क्षमतेचा संच पुढे केला. तोही नाकारावा लागला, कारण डिझेल इंजिन दीर्घकाळ ३० टक्क्यांपेक्षा कमी लोडवर चालले तर अर्धवट जळलेले इंधन धुराच्या मार्गात साचत जाते आणि इंजिन लवकर खराब होते. दुसऱ्याने लोडवर चाचणी द्यायला सरळ नकार दिला. तिसऱ्याने अटी मान्य केल्या: अनुक्रमांक बिलावर, प्राइम क्षमता किलोवॅटमध्ये, चेंजओव्हर स्विच आणि अर्थिंगचे मोजमाप अहवालात, आणि शेवटचा हप्ता आमच्या घरी आमच्याच लोडवर चाचणी झाल्यानंतर. थंड इंजिन सुरू करून सगळी उपकरणे लावली, तासभर चालू ठेवली, आणि शेवटी एसी चालू असतानाच पंप सुरू केला. वायरमनने टर्मिनलवरचे व्होल्टेज, वारंवारिता आणि क्लॅम्प मीटरवरचा प्रवाह दर थोड्या वेळाने कागदावर उतरवला, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या आणि मगच उरलेले पैसे दिले.