मुंबईत घोडपदेवच्या गाळ्यात खेळण्यातल्या वाफेच्या इंजिनाच्या छोट्या बॉयलरची टेस्ट करून घेतली, त्याचा अनुभव

पाचपैकी पाच स्टार देतेय. तिथे बॉयलर तपासणाऱ्या काकांनी माझा बॉयलर पहिल्या फेरीत नापास केला होता, त्यासाठीच पाच.

माझ्या मुलाला वाफेच्या इंजिनाचं वेड आहे, आठवीत आहे तो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी बसून एक छोटं ऑसिलेटिंग (सिलिंडरच मागेपुढे डुलतो असलं) इंजिन जोडलं, एकच सिलिंडर, तोंडाने फुंकलं तरी गरगर फिरतं. मग त्याला खरी वाफ हवी झाली, म्हणून मी ऑनलाइन एक उभा तांब्याचा बॉयलर मागवला, व्यास ७५ मिमी, पाणी मावतं साधारण ६०० मिली, वर्किंग प्रेशर ५० पीएसआय (पीएसआय आणि बार ही प्रेशरची मापं) आणि सोबत 'टेस्टेड' असं छापलेलं सर्टिफिकेट. कोणाकडून घेतला ते लिहीत नाही. पण ते सर्टिफिकेट मी चारदा वाचलं, त्यात कुठला बॉयलर, किती प्रेशरला टेस्ट केला, कधी केला, कोणी केला यातलं काही म्हणजे काहीच नव्हतं, खाली एक शिक्का तेवढा. बॉयलरवर पण नंबर नाही, मग हा कागद याच बॉयलरचा हे मानायचं कशावरून?

माझे बाबा परळला गिरणीत बॉयलरवर होते. आमच्याकडे कुकर लावला की आधी शिट्टीचं भोक उजेडासमोर धरून बघायचं आणि मगच झाकण लावायचं, हे मला चहा करायला यायच्या आधीपासून पाठ आहे. त्यामुळे नुसत्या शिक्क्यावर मुलाच्या पुढ्यात तो बॉयलर पेटवायला मन होईना.

आधी मला वाटलं सरकारी टेस्ट होत असेल, कारखान्यांचे बॉयलर बाष्पके संचालनालय तपासतं ते बाबांमुळे माहीत होतं. पण २५ लिटरच्या आतलं भांडं कायद्याने बॉयलर धरतच नाहीत. १९२३ च्या कायद्यात २००७ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून ही मर्यादा आहे, आणि आता २०२५ चा नवा कायदा आला त्यातही तेच. म्हणजे माझं ६०० मिलीचं भांडं बघायला कोणी इन्स्पेक्टर येणार नाही. वाफेला मात्र कायद्यातले लिटर कळत नाहीत.

इंग्लंडमध्ये हौशी लोकांच्या मॉडेल इंजिनिअरिंग क्लबांनी मिळून यासाठी स्वतःचा टेस्ट कोड केलाय. तिथे बारमधलं प्रेशर गुणिले लिटरमधलं माप असा हिशोब करतात आणि तो आकडा ३ च्या खाली असला तर अगदी छोट्या बॉयलरांचा वेगळा भाग लागतो. माझे ५० पीएसआय म्हणजे ३.४ बार, गुणिले ०.६, म्हणजे दोनच्या आसपास. ऑस्ट्रेलियातही तांब्याचे, स्टीलचे आणि एकदम छोटे असे वेगवेगळे भाग आहेत. आपल्याकडे असा क्लब शोधत बसण्यापेक्षा हे जाणणारा माणूस शोधावा म्हटलं, आणि बाबांच्या एका जुन्या सोबत्याने हा पत्ता दिला. गाळ्यावर बोर्ड नाही आणि काकांनी "नाव कुठे टाकू नका, मला एवढंच काम पुरे" असं सांगितलंय म्हणून टाकत नाही. घोडपदेवला उतरून कोणत्याही टर्निंगवाल्याला "बॉयलरवाले काका" म्हणून विचारा, सांगतात.

पहिल्या फोनलाच म्हणाले, "ताई, बॉयलर सोलून आणा, कपडे घालून नको." म्हणजे वरचं लाकडी पट्ट्यांचं आवरण काढून आणायचं, सगळे जोड उघडे दिसले पाहिजेत.

पहिली वीस मिनिटं त्यांनी टेस्टसाठी पाणी दाबायच्या पंपाला हातही लावला नाही. टॉर्च, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा, आणि एक बारीक कानस, बस्स. पत्र्याची जाडी मोजली, १.६ मिमी भरली, वहीत हिशोब मांडून मुलाला दाखवला की या व्यासाला ५० पीएसआयवर पत्र्यावर येणारा ताण तांब्याच्या ताकदीपुढे काहीच नाही, "नळी सहसा फुटत नाही रे, सपाट झाकणं आणि बुश बघायचे." (बुश म्हणजे व्हॉल्व्ह, काच वगैरे बसवायला बॉयलरच्या अंगात जोडलेली आट्यांची कडी.) मग कानशीने एका बुशची कड जराशी घासली तर आतून पिवळाधमक. पितळ! पितळेतलं जस्त गरम पाण्यात आणि वाफेत हळूहळू निघून जातं, मागे राहतं ते ठिसूळ, भोकाभोकांचं तांबं, वरून दिसायला मात्र तस्संच. म्हणून बॉयलरच्या अंगातले बुश गनमेटलचे किंवा फॉस्फर ब्राँझचे (दोन्ही कथिल घातलेले तांब्याचे मिश्रधातू) असावे लागतात.

यानंतर त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. साधी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची सोल्डरिंग गन गरम केली आणि आत पाणी किती आहे ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीच्या खालच्या बुशला नुसती टेकवली. दोन सेकंदांत जोडाच्या कडेचा चंदेरी धातू वितळून थेंब होऊन चमकला. माझ्या पोटात गोळाच आला. ते सिल्वर ब्रेझिंग (चांदीच्या मिश्रधातूचा पक्का जोड) नव्हतंच, साधं कथिलाचं सोल्डर होतं! हे सोल्डर १८५ डिग्रीच्या आसपास वितळायला लागतं आणि त्याच्या बरंच आधी नरम पडतं. ५० पीएसआयला आतली वाफच १४८ डिग्रीला असते, आणि पाणी कमी होऊन ज्वाळेसमोरचा पत्रा कोरडा पडला तर त्याचं तापमान काही मिनिटांत कुठल्या कुठे जातं. खऱ्या सिल्वर ब्रेझिंगचा धातू सहाशे डिग्रीच्या वर वितळतो, त्याला ही गन टेकवली तर ढिम्म काही होत नाही. बाहेरून दोन्ही चंदेरीच दिसतात, मला तर फरक कळलाच नसता.

नापास. तीनशे रुपये घेतले, वहीत कारणं लिहून दिली आणि पंप न लावताच परत पाठवलं.

मी म्हटलं काका तुम्हीच दुरुस्त करून द्या की, तर ठाम नाही म्हणाले. "मीच जोडणार आणि मीच पास करणार? मग तपासलं कोणी?" इंग्लंडच्या क्लबांमध्येही स्वतः बांधलेला बॉयलर स्वतः टेस्ट करता येत नाही, तीच रीत. मला आधी जरा राग आला, माझी अजून एक फेरी वाढणार होती ना, पण त्यांचं बरोबर होतं. त्यांनीच तांबाकाट्याजवळच्या एका तांबटाचा नंबर दिला. त्याने जुने बुश काढून टाकले, कथिलाचा अंश न् अंश साफ केला (तो राहिला तर वर चांदीचा जोड धरत नाही) आणि फॉस्फर ब्राँझचे नवे बुश कॅडमियम नसलेल्या सिल्वर रॉडने बसवले. कॅडमियमचा धूर फुफ्फुसाला फार वाईट, कोणी स्वस्तात जुना रॉड देत असेल तर घेऊ नका. यात तीन आठवडे गेले.

दुसऱ्या फेरीत हायड्रो टेस्ट, म्हणजे पाणी दाबून करायची टेस्ट. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि काच काढून तिथे प्लग, मग बॉयलर काठोकाठ पाण्याने भरला, वाकडा तिकडा करून हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत टिचक्या मारल्या. पाणी दाबून जवळजवळ दबत नाही, म्हणून कुठे गळलं तर एक थेंब येतो आणि काटा झपकन खाली येतो, स्फोट होत नाही. हवा मात्र दबून बसते आणि सुटली की पत्रा घेऊन सुटते. तेव्हा कोणी कॉम्प्रेसरची हवा भरून टेस्ट करतो म्हणाला तर बॉयलर उचलून सरळ घरी यायचं.

वरच्या सपाट झाकणाच्या मध्यावर त्यांनी डायल गेज (बारीकशी हालचाल मोजणारं घड्याळासारखं उपकरण) टेकवलं आणि शून्यावर आणलं. हँडपंपाने आधी ५०, थांबले, सगळे जोड कोरड्या टिश्यूने पुसून बघितले, मग ७५, परत पुसले, मग १००. पहिल्या वेळी वर्किंगच्या दुप्पट, पुढच्या वेळी दीडपट पुरे. १०० ला दहा मिनिटं धरून ठेवलं. घड्याळ बघायचं काम मुलाला दिलं होतं, तो श्वास पण घेत नव्हता. झाकण आठ शतांश मिलिमीटर वर आलं होतं, प्रेशर सोडल्यावर डायलचा काटा बरोब्बर शून्यावर परत. काका म्हणाले हे परत येणं महत्त्वाचं, परत आला नसता तर पत्रा कायमचा फुगला असता आणि गळती नसूनही मी नापास केला असता.

त्याच पंपावर बॉयलरसोबत आलेलं प्रेशर गेजही लावून बघितलं. काकांच्या मास्टर गेजवर (ज्याच्याशी बाकीची गेज ताडून बघतात ते; त्यावर एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या मान्यतेच्या लॅबचं कॅलिब्रेशनचं स्टिकर आहे, तारीख बघून घ्या म्हणून स्वतःच पुढे करतात) ५० असताना आमचं गेज ४२ दाखवत होतं. म्हणजे आम्ही ५० वर आहोत समजून खरं तर अठ्ठावन्नच्या आसपास चालवत बसलो असतो. नवीन घेतलं, ० ते १०० वालं, म्हणजे काम करायचा आकडा डायलच्या मध्यावर येतो, आणि ५० वर लाल रेघ मारली.

त्यानंतर स्टीम टेस्ट, आणि तिथे परत अडकलो. वाफ बाहेर जायचा व्हॉल्व्ह बंद, बर्नर फुल, आणि बघायचं की सेफ्टी व्हॉल्व्ह एकट्याने सगळी वाफ बाहेर टाकू शकतो का. प्रेशर दहा टक्क्यांच्या वर चढता कामा नये, म्हणजे आमच्यासाठी ५५. व्हॉल्व्ह ५० ला उघडला, छान फुसफुसला, मला वाटलं झालं. पण काटा सरकतच राहिला, ५४, ५६, ५८, आणि ६१ ला काकांनी शांतपणे बर्नर बंद केला. व्हॉल्व्ह उघडत होता पण त्याचं भोकच लहान, बर्नर जेवढी वाफ करतो तेवढी त्यातून जातच नव्हती. हे घरी कधीच कळलं नसतं, आपण वाफ निघताना बघतो आणि खूश होतो. मोठ्या भोकाचा, स्टेनलेस बॉलचा व्हॉल्व्ह घेऊन पुढच्या शनिवारी परत गेलो. या वेळी काटा ५३ वर जाऊन थांबला तो थांबलाच, पाच मिनिटं गाळ्यात नुसती वाफ आणि तो सणसणीत आवाज, आणि त्या वाफेत माझा मुलगा हसत उभा. बाबा असायला हवे होते.

मग काकांनी अक्षरांच्या पंचांनी बुशच्या कडेवर नंबर ठोकला आणि सर्टिफिकेट हाताने लिहिलं. त्यात तो नंबर, मापं, वर्किंग प्रेशर, टेस्ट प्रेशर, झाकण किती हललं, कुठलं मास्टर गेज वापरलं, सेफ्टी व्हॉल्व्ह कितीला उघडला, दोन्ही टेस्टच्या तारखा आणि पुढच्या तारखा, सगळं आहे. हा सरकारी कागद नाही हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं आणि खाली लिहूनही दिलंय. तांब्याला पाण्याची टेस्ट चार वर्षांनी आणि वाफेची साधारण दरवर्षी करायची, हे त्यांनी त्या इंग्लंडच्या कोडवरूनच घेतलंय.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, मेसेज करा, संध्याकाळी उत्तर येतं. दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिना अंधारा. काम फक्त शनिवारी, त्यामुळे पूर्ण व्हायला सहा आठवडे लागले. सर्टिफिकेट इंग्रजीत आणि अक्षर डॉक्टरांसारखं, एकदा समोर बसून वाचून घ्या. बोलणं तुटक आहे, पण मुलाने विचारलेल्या एकाही प्रश्नाला "तुला काय करायचंय" म्हणाले नाहीत, उलट पाणी काचेच्या खालच्या नटच्या वर असेपर्यंतच आग ठेवायची हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

पैसे पहिल्या फेरीचे ३००, हायड्रो, गेज आणि स्टीम मिळून १८००. व्हॉल्व्हसाठी परत गेलो त्याचे वेगळे घेतले नाहीत. जीपे चालतं.

जाणार असाल तर शनिवारी अकराच्या आत पोचा, ड्रॉइंग असेल तर न्या, आवरण काढून न्या आणि स्वतःचा बर्नर न विसरता न्या, कारण स्टीम टेस्ट तुमच्याच बर्नरवर करतात, दुसऱ्याच्या बर्नरवर केलेली त्यांना चालत नाही. भायखळ्याहून चालत पंधरा-वीस मिनिटं, रे रोडहून पण जवळ आहे. लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी चष्मे आहेत त्यांच्याकडे, मोठ्यांनी आपापले आणायचे.